जुन्या दुनळी बंदुकीचे वजन आणि तोल कसा पारखावा

इंग्लंड आणि अमेरिकेत साधारण १८७५ ते १९४० या काळात बनलेल्या, शेजारी-शेजारी दोन नळ्यांच्या बंदुका आजही मिशिगन, मिनेसोटा, मेन अशा राज्यांत ग्राउस आणि वुडकॉक या पक्ष्यांच्या शिकारीसाठी आवर्जून वापरल्या जातात. ही शिकार पाण्याकाठी दबा धरून बसण्याची नव्हे, तर कुत्र्याच्या मागोमाग ॲस्पेनच्या दाट कोवळ्या रानातून तासन्‌तास चालण्याची आहे. बंदूक दिवसभर हातात असते, आणि पायाजवळून पक्षी फडफडत उठला की ती खांद्याला लावून चाप ओढायला जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. म्हणून अशी बंदूक विकत घेणारा पहिला प्रश्न वजनाचा विचारतो, आणि विक्रेता त्याला एक आकडा सांगून मोकळा होतो. माझ्या मते तो आकडा निम्मेच उत्तर देतो. तेच वजन बंदुकीच्या मध्यभागी एकवटले आहे की दोन्ही टोकांना विखुरले आहे, यावर ती हातात जिवंत वाटेल की जड, हे ठरते. आणि हे घरच्या घरी मोजता येते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे आणि बंदूक बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो. त्यामुळे या लेखातील शिकारीचा भाग तिकडच्या, रीतसर परवाना घेतलेल्या वाचकांसाठी आहे. वजन आणि तोल मोजण्याची रीत मात्र वारशाने आलेली, परवान्यावरची बारा बोरची बंदूक समजून घेण्यासाठीही उपयोगी पडेल. (बोर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप; आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद.)

पायरी १ : बंदूक रिकामी करा आणि आधी कारागिराला दाखवा

बंदूक उघडून दोन्ही चेंबर (नळीचा काडतूस बसतो तो मागचा भाग) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, आणि काडतुसे त्या खोलीतून बाहेर ठेवा. त्यानंतर जुन्या बंदुकांची जाण असलेल्या कारागिराकडून नळ्यांच्या भिंतीची जाडी, नळ्या आणि अ‍ॅक्शन (बंदूक उघडण्या-मिटण्याची यंत्रणा) यांमधील ढिलेपणा आणि चेंबरची लांबी मोजून घ्या. ब्रिटिश बंदुकांवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे (नळ्या जास्त दाबाने तपासणाऱ्या संस्थेचे) शिक्के असतात आणि त्यांवरून बरेच काही कळते. अमेरिकेत अशी सक्तीची चाचणी नसल्याने तिथे मोजमापावरच भिस्त ठेवावी लागते. जुन्या इंग्लिश बारा बोरचे चेंबर बहुधा अडीच इंचांचे असते आणि अनेक जुन्या अमेरिकन सोळा बोरचे २ ९/१६ इंचांचे, तर आजचे प्रचलित काडतूस पावणेतीन इंचांचे असते. लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये बसते, म्हणून ते चालेल असे समजू नये. बार उडताना त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडते आणि दाब वाढू शकतो. वजनाचा विचार इथूनच सुरू होतो, कारण हलकी जुनी बंदूक ही हलक्या काडतुसासाठीच घडवलेली असते.

पायरी २ : पूर्ण वजन घ्या, मग सुट्या भागांचे घ्या

सामान तोलण्याचा डिजिटल काटा पुरतो. आधी संपूर्ण बंदुकीचे वजन घ्या, मग ती तीन भागांत सोडवून नळ्या, पुढचा लाकडी भाग आणि दस्त्यासह अ‍ॅक्शन वेगवेगळे तोला. उत्तम इंग्लिश बारा बोर २८ इंची नळ्यांसह साधारण साडेसहा पौंडांची, म्हणजे २.९५ किलोची असते, आणि त्यांतल्या नळ्या ३ पौंडांच्या आसपास भरतात. अमेरिकन कारखान्यांनी जास्त दणकट काडतुसे गृहीत धरली होती, त्यामुळे तिकडच्या बारा बोर सव्वासात पौंडांच्या, म्हणजे ३.२९ किलोच्या सहज सापडतात. पार्कर या अमेरिकन बंदुकीच्या नळ्यांखालच्या लोखंडी हुकावर कोरलेला फ्रेमचा (सांगाड्याच्या आकाराचा) क्रमांक पाहावा. बहुतेक बारा बोर २ किंवा दीड क्रमांकाच्या फ्रेमवर बांधलेल्या असतात. १ क्रमांकावरची बारा बोर आणि शून्य क्रमांकावरची वीस किंवा सोळा बोर चालण्याच्या शिकारीला अधिक सोयीची. फिलाडेल्फियाच्या ए. एच. फॉक्स कंपनीची साधी स्टर्लिंगवर्थ आणि फुल्टनची एल. सी. स्मिथ याही त्याच काळातल्या. त्यांचे वजन मात्र प्रत्येक नगाला वेगळे निघते, म्हणून मॉडेलच्या नावावर विसंबू नये.

सुट्या भागांचे वजन कशासाठी? दोन बंदुकांचे एकूण वजन सारखे असून एकीच्या नळ्या पाव किलोने जड असतील, तर दुसरीचे ते पाव किलो दस्त्यात किंवा अ‍ॅक्शनमध्ये आहे. पुढचे सगळे याच फरकावर अवलंबून आहे.

पायरी ३ : काडतुसाशी ताळा करा

बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा की बंदूक तिच्या छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट जड असावी. एक औंस, म्हणजे २८.३५ ग्रॅम छऱ्यांसाठी ६ पौंड, म्हणजे २.७२ किलो, सव्वा औंसासाठी साडेसात पौंड, म्हणजे ३.४ किलो. हा अनुभवाचा नियम आहे, भौतिकशास्त्राचा नव्हे. तरी खांद्याला बसणारा धक्का सोसण्याजोगा ठेवण्यासाठी तो आजही कामाचा आहे. काडतूस तेच ठेवून बंदूक १० टक्क्यांनी हलकी घेतली, तर धक्क्याची ऊर्जा सुमारे ११ टक्क्यांनी वाढते. दाट रानात नेम बहुधा वीस-पंचवीस पावलांवर धरला जातो आणि एक औंस छरे त्याला पुरेसे आहेत. म्हणून माझी पसंती सव्वासहा ते पावणेसात पौंडांच्या बारा किंवा सोळा बोरला आहे. साडेपाच पौंडांची वीस बोर दुकानात उचलताना मोहक वाटते. पण दमलेल्या हातांत ती पक्ष्याच्या मागे धावत सुटते आणि मध्येच थांबते.

पायरी ४ : तोलाचा बिंदू शोधा

बंदूक जोडून, बंद करून बोटाएवढ्या जाड गोल काठीवर आडवी ठेवा आणि ती जिथे स्थिर राहते तिथे कागदी चिकटपट्टीने खूण करा. पुढच्या चापापासून त्या खुणेचे अंतर मोजा. साडेचार ते पाच इंच हे सर्वसाधारण माप. इंग्लिश बंदुकांत हा बिंदू बहुधा बिजागरीच्या पिनेवर किंवा तिच्या किंचित पुढे-मागे येतो. तो बराच पुढे असेल तर बंदूक तोंडाकडे झुकते आणि खांद्याला येताना उशीर करते. फार मागे असेल तर नळ्या हवेत भरकटतात.

बहुतेक खरेदीदार इथेच थांबतात. पण तोलाचा बिंदू एवढेच सांगतो की पुढचे आणि मागचे पारडे समान आहे. त्या दोन पारड्यांत वजन बिंदूच्या जवळ आहे की लांब, हे तो सांगत नाही.

पायरी ५ : दोन दोऱ्यांवर टांगून फिरण्याचा काळ मोजा

ही पायरी थोडी खटपटीची आहे, परंतु सर्वांत जास्त सांगणारी तीच. छताच्या भक्कम आडव्या दांड्याला ४० सेंटिमीटर अंतरावर दोन न ताणणारे दोरे बांधा आणि त्यांची मोकळी लांबी २ मीटर ठेवा. रिकामी बंदूक त्यांत अशी आडवी टांगा की एक दोरा तोलाच्या खुणेच्या २० सेंटिमीटर पुढे नळ्यांवर आणि दुसरा तेवढाच मागे, दस्त्याच्या मुठीच्या भागावर येईल. दोन्ही दोरे सरळ लोंबत असले पाहिजेत. खाली जाड गादी अंथरा. आता बंदुकीला आडव्या पातळीत, तोलाच्या बिंदूभोवती, थोडासाच पीळ देऊन सोडा आणि दहा पूर्ण आंदोलनांचा काळ मोजा. पुढेमागे झोके घेत असेल तर थांबवून पुन्हा सुरुवात करा.

एका आंदोलनाचे सेकंद ७.०५ ने गुणले की, वरील मापांच्या मांडणीत, वजन बिंदूपासून सरासरी किती लांब पसरले आहे ते सेंटिमीटरमध्ये मिळते. भौतिकशास्त्रात याला परिभ्रमण त्रिज्या म्हणतात. उदाहरणार्थ, दहा आंदोलनांना ३४ सेकंद लागले तर एकाला ३.४ आणि त्रिज्या सुमारे २४ सेंटिमीटर. या आकड्याचा वर्ग करून वजनाने गुणा. येणारी संख्या म्हणजे बंदूक वळवायला लागणाऱ्या जोराचे माप. २.९५ किलोची, २४ सेंटिमीटर त्रिज्येची बंदूक आणि ३.२९ किलोची, २२.७ सेंटिमीटर त्रिज्येची बंदूक या दोघींचे माप जवळपास सारखेच, सुमारे १७०० येते. तिसरा हिस्सा किलो जास्त असूनही दुसरी आपल्या मध्याभोवती पहिलीइतक्याच सहजतेने वळते. खांद्याला टेकल्यावर वळण्याचे केंद्र मागे सरकते आणि एकूण वजनही जोर मागू लागते, म्हणून दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवावेत. आपल्या हाताला जी बंदूक आधीपासून मानवली आहे तिचेही माप घ्या आणि नव्या बंदुकीची तुलना तिच्याशी करा.

पायरी ६ : दस्ता अंगाला बसतो का ते पाहा

जुन्या अमेरिकन बंदुकांचे दस्ते बरेच खाली उतरलेले असतात. नळ्यांच्या रेषेपासून दस्त्याच्या टाचेपर्यंतचा (मागच्या टोकाच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचा) उतार तीन इंचांपर्यंत सापडतो. अशा दस्त्यावर मान ताठ राहते आणि गाल टेकत नाही. मग बंदूक उगाच जड किंवा अडखळणारी वाटते, आणि दोष वजनाला दिला जातो. डोळे मिटून रिकामी बंदूक खांद्याला लावा, डोळे उघडा आणि नजर रिबच्या (दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या) सरळ रेषेत आहे का ते पाहा. नसेल तर कुशल कारागीर वाफ किंवा गरम तेल देऊन दस्ता वाकवू शकतो.

पायरी ७ : बदल करायचा तर परत फिरवता येईल असाच करा

तोंडाकडे झुकणाऱ्या बंदुकीवर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे दस्त्याच्या टोकातील भोकात शिसे भरणे. त्याचा परिणाम आधी हिशेबाने पाहा. २.९५ किलोच्या बंदुकीत, बिंदूपासून ४८ सेंटिमीटर मागे १०० ग्रॅम शिसे बसवले तर तोल सुमारे दीड सेंटिमीटर मागे येतो, पण त्याचबरोबर वळवण्याचा जोर सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. तोल सुधारला आणि बंदूक मंद झाली! उघड्या मैदानात दूरवर उडणाऱ्या फेझंट पक्ष्यासाठी हा संथपणा चालतो, किंबहुना उपकारक ठरतो. झुडपांतल्या ग्राउससाठी तो नको. दस्त्याच्या टोकाला रबरी पॅड चढवला तरी लहान प्रमाणात हेच घडते. म्हणून शिसे आधी कापडात गुंडाळून तात्पुरते ठेवा आणि दोन्ही मोजमापे पुन्हा घ्या.

नळ्या मात्र कधीही कापू नयेत. जुन्या बंदुकीतला चोक, म्हणजे छरे फार पसरू न देणारा निमुळता भाग, नळीच्या शेवटच्या काही इंचांतच असतो, त्यामुळे नळ्यांबरोबर तोही जातो, दोन नळ्यांची जुळणी बिघडू शकते आणि बंदुकीची किंमत कोसळते. लांब नळ्या नको असतील तर आखूड नळ्यांची दुसरी बंदूक शोधावी. लंडनच्या रॉबर्ट चर्चिल यांनी २५ इंची नळ्यांच्या बंदुकांचा हिरिरीने पुरस्कार केला होता आणि त्या मुळातच तशा तोलून घडवलेल्या आहेत.

पायरी ८ : मैदानावर खात्री करा

चेंबरच्या लांबीचे, कमी दाबाचे काडतूस निवडा. पोलादी छरे जुन्या मऊ नळ्यांना आणि घट्ट चोकला इजा करतात. ज्या भागांत शिसे वर्ज्य आहे तिथे बिस्मथचे छरे घ्यावेत. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छरे १९९१ पासून देशभर बंद आहेत, आणि काही संरक्षित क्षेत्रांत हा नियम इतर पक्ष्यांनाही लागू होतो. आधी स्थिर कागदावर बार टाकून दोन्ही नळ्या एकाच जागी मारतात का ते पाहा, मग मातीच्या उडत्या तबकड्यांवर सराव करा, आणि तोही बंदूक खांद्याला न लावता, चालताना धरतो तशी धरून. नेम सतत तबकडीच्या मागे पडत असेल आणि वहीतला वळण्याचा आकडा सवयीच्या बंदुकीपेक्षा मोठा असेल, तर दस्त्यातले शिसे काढून पाहा. नेम कधी पुढे, कधी मागे, असा विस्कळीत पडत असेल आणि आकडा लहान असेल, तर तेच शिसे दोन भागांत वाटून अर्धे दस्त्यात आणि अर्धे पुढच्या लाकडाच्या आतल्या पोकळीत ठेवा, तोलाची खूण जागची हलली नाही याची खात्री करा आणि तबकड्यांची तीच फेरी पुन्हा खेळा.