४४४० बोर्ड ब्रिज करताय? या चुका टाळा

एलए४४४० या ऑडिओ ॲम्प्लिफायर आयसीचे (४४४० बोर्डावरची मुख्य चिप) दोन चॅनेल वेगळे वापरले, तर ४ ओहमच्या स्पीकरवर प्रत्येकी ६ वॉट मिळतात. ब्रिज केले, म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवायला लावले, की त्या स्पीकरला १९ वॉट. त्यासाठी बरेच जण दोन्ही चॅनेलच्या प्लस तारांमध्ये स्पीकर लावून मोकळे होतात आणि फसतात.

दोन्ही इनपुटला एकच सिग्नल गेला, तर दोन्ही आउटपुट एकदमच वर-खाली होतात. स्पीकरच्या टोकांमध्ये फरक उरत नाही, म्हणून आवाजही नाही. स्टिरिओ गाणं लावलं असेल तर वाद्यं पातळ ऐकू येतात आणि गायकाचा आवाज गायब होतो, कारण तो दोन्ही चॅनेलवर सहसा सारखाच असतो. हे लक्षण दिसलं की आयसी बदलायला धावू नका. एका चॅनेलचा सिग्नल उलटा (एक आउटपुट वर जाताना दुसरा खाली) व्हायचा राहिला आहे. तो उलटवणारी जोडणी डेटाशीटमधल्या (कंपनीच्या माहितीपत्रकातल्या) ब्रिज सर्किटमध्ये असते, साध्या स्टिरिओ बोर्डावर नसते. ब्रिजला इनपुट एकच लागतो, पण त्यासाठी मोबाइलच्या एल आणि आर (डाव्या-उजव्या चॅनेलच्या) तारा थेट एकत्र पिळू नका. प्रत्येकीत १ के (१००० ओहम) रेझिस्टर घालून मग जोडा.

ब्रिजमध्ये स्पीकरचं एकही टोक ग्राउंडला (सप्लायच्या मायनसला) लावायचं नाही; लावलं तर ती चूक सर्वात महाग पडते. १२ व्होल्ट सप्लायवर प्रत्येक आउटपुटला ६ व्होल्टच्या आसपास डीसी असतो. स्टिरिओत तो १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर अडवतो, ब्रिजमध्ये ते कॅपॅसिटर नसतात. ग्राउंड लागलं की स्पीकरची कॉइल तापते, पाठोपाठ आयसी जातो. म्हणून स्पीकर लावण्याआधी मल्टिमीटरने दोन आउटपुटमधला डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर थांबा, एक चॅनेल बिघडलेला आहे.

४ ओहमचा स्पीकर ब्रिजवर प्रत्येक चॅनेलला २ ओहमसारखा भासतो. त्यामुळे ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडू नका आणि हीटसिंक (आयसीची उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) मोठा घ्या. बेसच्या ठोक्याला आवाज दबत असेल तर आधी सप्लाय तपासा: १ अँपिअरचा अडॅप्टर पुरत नाही, ३ अँपिअरचा हवा.

पीएएम८४०३, टीडीए७२९७ या दुसऱ्या ॲम्प्लिफायर आयसींचे आउटपुट मुळातच ब्रिज असतात. त्यांची मायनस तार ग्राउंड नसते. ते बोर्ड पुन्हा ब्रिज करू नका, दोन मायनस एकत्रही जोडू नका.