कोरडे डोळे: घरी काय करायचं आणि डोळ्यात काय घालायचं नाही

नाशिकमध्ये दिवाळी संपली आणि हवा कोरडी व्हायला लागली की हा त्रास असलेल्यांना लगेच कळतं. सकाळी पापणी बुबुळाला चिकटल्यासारखी, दुपारी वाळू गेल्यासारखं खुपणं, आणि संध्याकाळी अंबड किंवा सातपूरहून गाडीवर घरी पोचेपर्यंत डोळे लाल. हे वर्षानुवर्षं सोबत राहणारं दुखणं आहे, त्यामुळे आठवड्यात बरं करणारा उपाय शोधत बसू नका, रोज जमेल असं काहीतरी धरा.

आधी एक समजून घ्या. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नाही, त्यावर तेलाचा पातळ थर असतो आणि त्याच्यामुळेच पाणी पटकन उडून जात नाही. हे तेल पापणीच्या कडेला, केसांच्या जरा मागे असलेल्या बारीक बारीक ग्रंथींमधून येतं, डॉक्टर त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. बऱ्याच जणांचं दुखणं इथेच असतं, थंडीत खोबरेल तेल गोठतं तसं हे तेल घट्ट होऊन आतच अडकतं. मग डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, आणि चुरचुरला की उलट भसाभसा पाणी येतं, म्हणून "माझ्या डोळ्यातून तर पाणी वाहतं, कोरडे कसे असतील" म्हणणाऱ्यांनाही हाच त्रास असू शकतो.

म्हणून घरगुती उपायांमध्ये खरा उपयोगाचा म्हणजे शेक. तोही बंद पापणीवरून.

गरम पाण्यात बुडवलेला रुमाल एक-दोन मिनिटांत गार होतो आणि लोक तेवढंच करून "काही फरक पडत नाही" म्हणतात. ऊब साधारण 40 अंशाच्या आसपास आठ-दहा मिनिटं टिकायला हवी तरच तेल सुटतं. त्यासाठी दोन रुमाल घ्या आणि आलटून पालटून बदलत राहा, किंवा स्वच्छ सुती कापडाची छोटी पिशवी शिवून त्यात कोरडे तांदूळ भरा, मायक्रोवेव्हमध्ये थोडं थोडं गरम करा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, तिथे चटका वाटला तर डोळ्याला अजिबात नको. रुमाल प्रत्येकाचा वेगळा ठेवा आणि रोज धुवा. शेक झाल्या झाल्या हात धुऊन बोटाने पापणीला हलका मसाज, वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, केसांच्या दिशेने. बुबुळावर दाब द्यायचा नाही. मग उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पापणीच्या कडा पुसून घ्या, कोंडा आणि चिपडं निघतात. हे रोज करायचं आणि निदान काही आठवडे तरी सोडायचं नाही, फरक हळूहळू पडतो.

आता घरोघरी जे सांगितलं जातं त्याबद्दल, कारण मला याची खरंच काळजी वाटते. गुलाबपाणी, मध, एरंडेल, साजूक तूप, त्रिफळ्याचं पाणी, कोथिंबिरीचा रस... आजी प्रेमाने सांगते हे मान्य, पण स्वयंपाकघरातली कुठलीही वस्तू निर्जंतुक नसते आणि कोरड्या डोळ्याचा पृष्ठभाग आधीच नाजूक असतो, तिथे इन्फेक्शन झालं तर बुबुळावर जखम होऊ शकते आणि नजरेवर कायमचा परिणाम राहू शकतो. काकडीच्या चकत्या बंद डोळ्यावर ठेवल्या तर गार वाटतं, ठेवा, पण तेल त्याने सुटत नाही. सारखं नळाचं पाणी डोळ्यावर मारायची सवय पण सोडा. अपवाद एकच, द्राक्षबागेत फवारणी करताना औषध डोळ्यात उडालं तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं सलग धुवा आणि तसेच दवाखाना गाठा. पिंपळगाव, दिंडोरीकडच्या बागांमध्ये काम करणाऱ्यांनी गॉगल लावूनच फवारणी करावी, नुसता रुमाल बांधून डोळे वाचत नाहीत.

ड्रॉपचं असं आहे की मेडिकलमध्ये जाऊन "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" म्हणू नका. लाली घालवणारे ड्रॉप तात्पुरते डोळे पांढरे करतात आणि सोडले की लाली परत येते, कधी आधीपेक्षा जास्त. स्टेरॉईडचे ड्रॉप तर डॉक्टरांशिवाय नकोच, डोळ्यातलं प्रेशर वाढतं, मोतीबिंदू होऊ शकतो. साधे कृत्रिम अश्रू चालतात, पण दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मागा. बाटलीचं टोक पापणीला लावू नका, दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं थांबा, आणि बाटली उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा, बऱ्याच बाटल्या उघडल्यावर महिन्याभरात टाकायच्या असतात.

बाकी सवयी. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो आणि अर्धवट मिटतो, म्हणून दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद बघा आणि तेव्हा दहा वेळा पूर्ण पापण्या मिटा. लॅपटॉप नजरेच्या जरा खाली ठेवा, डोळा कमी उघडा राहतो. पंखा, एसी, कूलरचा झोत तोंडावर नको. गाडीवर हेल्मेटची काच खाली, सध्या कुंभमेळ्याच्या कामांनी रस्त्यांवर एवढी धूळ आहे की गंगापूर रोडला जाऊन भाजी आणायची तरी काच खालीच ठेवा. ओमेगा-3 च्या गोळ्यांवर फार पैसे घालू नका, 2018 मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. मासे, जवस, अक्रोड जेवणात असू द्या.

आणि डोळे दुखतायत, उजेड सहन होत नाही, नजर कमी झाली, एकच डोळा लाल आहे, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लावता आणि डोळा लाल झाला, तर शेक वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. डोळ्यांसोबत तोंड पण कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर ते आवर्जून सांगा, शोग्रेन नावाचा आजार असू शकतो आणि त्याची तपासणी वेगळी असते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, सर्दीच्या, ॲलर्जीच्या, पिंपल्सच्या, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी पण डोळे कोरडे पडतात, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. तपासणीत पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत किती भिजते ते बघतात, त्यामुळे जायच्या आधी दोन-तीन तास कुठलाही ड्रॉप टाकू नका.