जुनी लक्झरी गाडी घेताना इंजिन कसे पारखावे

दहा-बारा वर्षे जुनी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी आज एखाद्या नव्या मध्यम गाडीच्या किमतीत मिळते आणि नाशिकमध्ये मुंबई-पुण्याहून आलेल्या अशा गाड्या सहज पाहायला मिळतात. मात्र अशा गाडीची घडण आणि तिचा संगणक हे दोन्ही इंजिनातील दोष झाकून ठेवतात. जाड काचा, बॉनेटखालचे आवाज शोषणारे आवरण आणि द्रव भरलेली इंजिन माउंटिंग यांमुळे खडखडाट केबिनपर्यंत पोहोचत नाही. एखादा इंजेक्टर कमी-जास्त डिझेल सोडू लागला, तर संगणक त्याचे प्रमाण आपोआप जुळवून घेतो आणि गाडी बरेच दिवस तक्रारीविना चालत राहते. त्यामुळे विक्रेत्याने शेजारी बसवून मारलेली एक चक्कर आणि त्यात दाखवलेला पिकअप यांवरून काहीही ठरवू नये. इंजिन थंड असताना, ताणाखाली असताना आणि पूर्ण तापल्यानंतर, अशा तिन्ही अवस्थांत ते पाहावे आणि प्रत्येक वेळी कानाला जे जाणवले ते स्कॅनरच्या, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून त्यातील नोंदी वाचणाऱ्या उपकरणाच्या, आकड्यांशी ताडून घ्यावे.

पहिली तपासणी गाडी रात्रभर बंद राहिल्यानंतर सकाळीच करावी आणि आपण पोहोचण्याआधी गाडी चालू करू नये, असे विक्रेत्याला आदल्या दिवशी स्पष्ट सांगावे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि निफाडकडे त्याहूनही खाली जातो. ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिनाला सुरू होताना ऊब देणारे छोटे हीटर), बॅटरी, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाण्याचा जोर) यांची इतकी कठोर परीक्षा मुंबईच्या हवेत होत नाही, म्हणून घाई नसेल तर खरेदी याच दिवसांत करावी, असे माझे मत आहे. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे का हे पाहण्याची पद्धत आहे, पण त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे फक्त इग्निशन चालू करून स्कॅनरवर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान शेजारी शेजारी पाहणे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतात. हवा १४ अंश आणि कूलंट ४८ अंश दाखवत असेल, तर गाडी थोड्या वेळापूर्वीच तापवून ठेवलेली आहे. अशा वेळी त्या दिवशीची तपासणी थांबवून दुसरी सकाळ मागून घ्यावी.

इंजिन बंद असतानाच मॅनिफोल्डमधील, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतील, हवेचा दाबही स्कॅनरवर पाहून घ्यावा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे तो ९४० मिलिबारच्या आसपास दिसायला हवा. मुंबईत तोच १०१० च्या जवळ असतो. फार वेगळा आकडा आला, तर सेन्सर चुकतो आहे असे समजावे, कारण मग पुढे टर्बोच्या (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्रणेच्या) दाबाचे जे आकडे मिळतील त्यांवर विसंबता येणार नाही. याच उंचीमुळे टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन इथे मुंबईच्या तुलनेत सहा-सात टक्के कमी ताकद देते, तो गाडीचा दोष मानू नये. टर्बो असलेल्या इंजिनाला ही सबब फारशी लागू होत नाही.

सेल्फ मारताना एकाने उघड्या बॉनेटजवळ आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या मागे उभे राहावे. पहिले दोन-तीन सेकंद सर्वांत मोलाचे असतात, कारण ऑइलचा दाब तयार होईपर्यंत टायमिंग चेनचा (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या साखळीचा) टेन्शनर पुरता ताणलेला नसतो आणि चेन झिजून लांबली असेल तर तिचा कोरडा, धातूवर धातू घासल्यासारखा आवाज याच वेळी ऐकू येतो. बीएमडब्ल्यूच्या ३२०डी आणि ५२०डी गाड्यांत २००७ पासून आलेल्या एन४७ डिझेल इंजिनाची चेन पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. त्यामुळे तिथे कान इंजिनाच्या मागच्या भागाकडे, केबिनच्या भिंतीजवळ लावावा आणि नंतर दीड-दोन हजार आरपीएमवर इंजिन धरून तोच आवाज पुन्हा शोधावा. सुरुवातीच्या वर्षांतील एन४७ मध्ये चेन झिजण्याची तक्रार सर्वज्ञात आहे. चेन बदलण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने मजुरीच मोठी होते आणि चेन तुटली तर व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळतात. मर्सिडीजच्या सी२०० मधील १.८ लिटरच्या एम२७१ पेट्रोल इंजिनातही थंड असताना येणारी खरखर चेन आणि कॅमशाफ्ट अॅडजस्टर यांच्या झिजेची खूण असते. ऑडीच्या १.८ आणि २.० टीएफएसआय इंजिनांच्या दुसऱ्या पिढीत मात्र आवाजापेक्षा ऑइल पिण्याची तक्रार अधिक आहे. तिचे कारण पिस्टन रिंगमध्ये असल्याने नुसते ऑइल टॉप-अप करून ती सुटत नाही.

धुराचा रंग बघायचा तो थोडा वेळ देऊन. थंडीच्या सकाळी पेट्रोल गाडीतून निघणारी पांढरी वाफ काही मिनिटांत थांबली तर काळजी नसावी; ती थांबत नसेल आणि तिला गोडसर वास येत असेल, तर कूलंट जळते आहे. डिझेल गाडीचा डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल असते आणि त्याचा संबंध ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा कमी कॉम्प्रेशनशी असतो. निळा धूर ऑइलचा असतो. पाच मिनिटे आयडलिंगला ठेवून मग अॅक्सिलरेटर दाबल्यावर तो एकदम निघाला, तर व्हॉल्व्ह सील गेलेली असण्याची शक्यता अधिक. काळ्या धुराबाबत विशेष सावध राहावे, कारण डीपीएफ (डिझेलच्या धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत तो बाहेर दिसतच नाही. तिथे सायलेन्सरच्या टोकात कापड फिरवावे. ते काजळीने काळे झाले, तर डीपीएफ आतून तडकलेला तरी आहे किंवा काढून टाकलेला तरी आहे. गाडीकडे वैध पीयूसी आहे, यावरून इंजिन निरोगी आहे असे मात्र धरू नये.

स्कॅनरवर केवळ फॉल्ट कोड वाचून थांबणे ही सर्वत्र होणारी चूक आहे. कोड नाहीत, याचा अर्थ ते काल रात्री पुसले असाही होऊ शकतो. म्हणून कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली आणि किती वेळा तापली, हे दोन आकडे काढून घ्यावेत. सामान्य ओबीडी उपकरणातही, म्हणजे गाडीच्या निदान-सॉकेटला लागणाऱ्या साध्या स्कॅनरमध्येही, ते बहुधा मिळतात. विक्रेता दोन वर्षांत काहीच काम निघाले नाही म्हणत असेल आणि हा आकडा ११ किलोमीटर दाखवत असेल, तर पुढची बोलणी त्या ११ किलोमीटरपासून सुरू करावी. पेट्रोल इंजिनात दीर्घकालीन फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोलचे प्रमाण किती कमी-जास्त करतो आहे त्याचा आकडा) पाच टक्क्यांच्या आत असावे. दहा टक्क्यांच्या वर गेले असेल तर संगणक कोणता तरी दोष भरून काढतो आहे. आयडलिंगला ते जास्त आणि आरपीएम वाढवताच कमी होत असेल, तर कुठेतरी बाहेरची हवा आत ओढली जाते आहे. डिझेलमध्ये प्रत्येक सिलिंडरचे इंजेक्टर करेक्शन, म्हणजे संगणक तिथले डिझेल किती कमी-जास्त करतो आहे ते, पाहावे आणि एखादा आकडा बाकीच्यांपासून फटकून असेल तर त्याचे कारण समजल्याशिवाय पुढे जाऊ नये. मर्सिडीजच्या २.१ लिटर ओएम६५१ इंजिनाच्या सुरुवातीच्या गाड्यांत हे आवर्जून करावे, कारण त्यांचे पिझो इंजेक्टर पुढे मोठ्या प्रमाणावर बदलावे लागले. नाशिककरांना याबाबत एक सोय आहे: सातपूरच्या मायकोत, म्हणजे आजच्या बॉशच्या कारखान्यात, डिझेल इंजेक्टर आणि नोझल तयार होत आल्याने या विषयातले जाणकार हात शहरात शोधावे लागत नाहीत.

ताणाखालची परीक्षा कॉलेज रोडच्या सिग्नलांमध्ये होत नाही. पाथर्डी फाट्यावरून मुंबई महामार्गाला लागून घोटी, इगतपुरीमार्गे कसारा घाट उतरावा आणि लगेच परत चढावे, हा माझ्या मते आपल्या भागातला सर्वोत्तम मार्ग आहे. त्या चढणीत सुमारे ३०० मीटर उंची गाठावी लागते. मागे-पुढे वाहने नाहीत याची खात्री झाल्यावर गिअर मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्यावर धरावा आणि १,६०० आरपीएमपासून पेडल हळूहळू, पण पूर्ण दाबावे. चांगले टर्बो डिझेल एकसारखे ओढत जाते. मध्येच पोकळी जाणवणे, ताकद लाटांसारखी येणे किंवा गाडी एकदम लिम्प मोडमध्ये जाणे (इंजिन वाचवण्यासाठी संगणकाने ताकद तोडणे), ही टर्बो, त्याच्या पायपांतील गळती किंवा ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) यांतील दोषांची लक्षणे असतात. शेजारी बसलेल्याने त्याच वेळी टर्बोचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब पाहत राहावे. क्षणभराची तफावत चालते, चढ संपेपर्यंत टिकणारी चालत नाही. आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर दोष बहुधा गिअरबॉक्सचा असतो, तो इंजिनाच्या माथी मारू नये. घाटात ज्याची खात्री करता येत नाही ते म्हणजे स्थिर वेगावरचे वर्तन. त्यासाठी भरवीरहून समृद्धी महामार्गावर थोडे अंतर मर्यादेतल्या वेगाने जावे आणि कूलंटचे तापमान न हलता टिकते का हे पाहावे. सपाट रस्त्यावर ते ७५ अंशांच्या पुढे जातच नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो.

घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता एसी लावून दहा मिनिटे आयडलिंगला ठेवावी. रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का, तापमान चढते का, ऑइलच्या दाबाचा दिवा मिचकतो का, याकडे लक्ष द्यावे. मग गाडी बंद करून पंधरा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारावा. थंड असताना चटकन सुरू झालेले डिझेल इंजिन गरम असताना बराच वेळ सेल्फ खात असेल, तर इंजेक्टरमधून डिझेल परत गळते आहे किंवा हाय प्रेशर पंप थकला आहे. गरम इंजिनाचे कूलंटचे झाकण कोणत्याही कारणाने उघडू नये; कूलंटची पातळी दुसऱ्या सकाळी पाहावी.

एवढ्यावर गाडी आवडली तर गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. पेट्रोल असो वा डिझेल, सिलिंडरांतील फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असावा. हेड गॅस्केटची (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधील सीलची) शंका असेल तर कूलंटवर धरायचे रासायनिक द्रावण मिळते. ज्वलनाचा वायू मिसळला की ते निळ्याचे पिवळे होते. ऑइल फिल्टर काढून त्याचा कागद उलगडून उन्हात धरावा. त्यात धातूची चमक दिसली, तर बेअरिंगपर्यंत झीज गेलेली असते, आणि प्लॅस्टिकचे तुकडे मिळाले तर ते चेनच्या गाइडचे, म्हणजे चेन ज्यावरून सरकते त्या पट्टीचे, असतात.

कमी रनिंगच्या गाडीचे आकर्षण मला पटत नाही. गंगापूर रोडवरच्या बंगल्यातून रोज चार किलोमीटर फिरलेल्या डिझेल गाडीचा डीपीएफ पुरेसा तापतच नाही, त्यात काजळी साचते आणि ऑइलमध्ये डिझेल उतरते. दर आठवड्याला मुंबई गाठणारी, दुप्पट रनिंगची गाडी इंजिनाच्या दृष्टीने अनेकदा अधिक सुस्थितीत असते. ऑइल दर १०,००० किलोमीटरला बदलले का आणि बिलावर त्या इंजिनाला लागणाऱ्या ऑइलचा दर्जा लिहिलेला आहे का, जसे मर्सिडीजच्या डीपीएफ असलेल्या डिझेलला २२९.५१, हे मात्र प्रत्येक बिलावर तपासावे.

विसार यानंतरच द्यावा. चेन बदललेली आहे असे सांगितले जात असेल, तर त्या बिलात चेनबरोबर गाइड आणि टेन्शनरही आहेत का ते पाहावे. नसतील तर ते संपूर्ण काम करायचेच आहे असे धरून त्याचा अंदाज गॅरेजकडून लेखी घ्यावा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागावी.