घरात १९४८च्या गांधीहत्येची कात्रणे सापडली, तर या चुका टाळा

३० जानेवारी १९४८ रोजी, शुक्रवारी सायंकाळी, दिल्लीतील बिर्ला भवनात प्रार्थनेला निघालेल्या महात्मा गांधींची गोळ्या झाडून हत्या झाली. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे अनेक घरांत रद्दीत न जाता ट्रंकेत गेली. आता ती जुनी घरे रिकामी होत आहेत आणि नातवंडांच्या हाती तपकिरी, ठिसूळ झालेली ही कात्रणे येत आहेत. ती जपण्याच्या घाईतच त्यांचे सर्वांत जास्त नुकसान होते, हे मी आमच्याच घरात पाहिले आहे.

आजोबांच्या फाइलमधील ३१ जानेवारीचे पहिले पान मी एका दुकानातून लॅमिनेट करून आणले. ही चूक पुन्हा कधीही दुरुस्त करता येत नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातील लिग्निन हा लाकडाचा घटक हवेमुळे आणि प्रकाशामुळे पिवळा पडतो आणि कागदातच आम्ल तयार होत राहते. लॅमिनेशनमध्ये ते आम्ल आतल्या आत कोंडले जाते, यंत्राच्या उष्णतेने कागद आणखी कमकुवत होतो आणि चिकटलेले प्लॅस्टिक नंतर सोडवता येत नाही. त्याऐवजी दोन बाजू उघड्या असलेल्या पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लरहित कागदाचा आधार देऊन कात्रण ठेवावे. बाजारात सहज मिळणारी पीव्हीसीची पाकिटे मात्र घेऊ नयेत. चिकटपट्टीचेही तसेच आहे, कारण तिचा डिंक काही वर्षांत पाझरतो आणि नेमक्या अक्षरांवर पिवळा डाग पडतो. फाटलेला भाग सांधायचा असेल, तर जपानी टिश्यू (लांब तंतूंचा पातळ पण मजबूत कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरतात, पण हे काम कागदसंवर्धनाची माहिती असलेल्या व्यक्तीकडूनच करून घ्यावे. बुकबाइंडरची मोरचूद घातलेली खळ वापरू नये, कारण तांब्याच्या अंशाने कागद लवकर जीर्ण होतो.

घडी घातलेले कात्रण जोर लावून उघडले की ते घडीवरच तुटते, आणि पहिल्या पानाची घडी बहुधा मथळ्यांजवळूनच जाते. झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाशी ओलसर टीपकागद, त्याच्या वर जाळी आणि जाळीवर कात्रण असे ठेवले, तर काही तासांत कागद दमटपणाने मऊ होतो आणि घडी हलक्या हाताने उघडता येते. ओल कात्रणाला थेट लागता कामा नये आणि बुरशी येईल इतका वेळ ते आत राहू देऊ नये. छापील शाई काजळीची असल्याने तिला याने काही होत नाही, परंतु समासात कोणी दौतीच्या शाईने काही लिहिले असेल, तर ते अक्षर फुटू शकते. अशा कात्रणावर हा प्रयोग मुळीच करू नये. कसर घालवण्यासाठी कागद उन्हात पसरण्याची आपल्याकडची सवयही सोडावी, कारण उन्हाने हा कागद फार वेगाने काळवंडतो. पत्र्याखालचा माळा आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत या दोन्ही जागा टाळाव्यात.

याहून मोठे नुकसान कात्री करते. फक्त छायाचित्र आणि मथळा ठेवून भोवतालचा मजकूर कापून टाकला, की वर्तमानपत्राचे नाव, तारीख आणि मागची बाजू या तिन्ही गोष्टी जातात. मागच्या बाजूच्या जाहिराती आणि बाजारभाव निरुपयोगी वाटतात, पण कात्रण कोणत्या काळातले आहे, हे तेच सांगतात. ३१ जानेवारीचे पहिले पान पुढे स्मृतिअंकांत आणि पुरवण्यांत पुन्हा छापले गेल्याने घरातले पान मूळ आहे की पुनर्मुद्रण, हा प्रश्न खरोखर पडतो. मागच्या बाजूला किमती नव्या पैशांत असतील, तर ते पान १ एप्रिल १९५७च्या आधीचे असूच शकत नाही, कारण दशमान नाणी त्या दिवशी चलनात आली. १९४८च्या जाहिरातीत रुपये, आणे आणि पै दिसायला हवेत. मराठी मजकुरात दुसरी खूण अनुस्वारांची आहे. ‘घरांत’, ‘नांव’, ‘केलें’ अशी रूपे सर्रास दिसली, तर तो मजकूर १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीचा असण्याची शक्यता अधिक. या खुणेमुळेच आणखी एक चूक लक्षात येते: कात्रणाचा मजकूर संगणकावर उतरवताना आपण नकळत ही अनुस्वारे गाळतो आणि पुरावा पुसून टाकतो. मजकूर जसा छापला आहे तसाच, खिळे जुळवताना झालेल्या चुकांसकट, उतरवून घ्यावा.

तारखेबाबतही घाई करू नये. गोळ्या झाडल्या गेल्या त्या वेळी दिल्लीत ५ वाजून १७ मिनिटे झाली होती, म्हणजे लंडनमध्ये दुपारचे पावणेबारा वाजून गेले होते आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे पावणेसात. त्यामुळे परदेशातील नातेवाइकाने पाठवलेल्या सायंदैनिकावर ३० जानेवारी हीच तारीख असेल, तर ते बनावट समजून बाजूला टाकू नये. ‘अंत्यसंस्कार काल झाले’ असे वाचून कात्रणावर ३१ जानेवारी लिहिले जाते, परंतु अंत्यसंस्कारच ३१ तारखेला यमुनेकाठी झाले, तेव्हा ते कात्रण १ फेब्रुवारीचे धरले पाहिजे. एका वर्तमानपत्रात वय ७८ आणि दुसऱ्यात ७९वे वर्ष दिसले, तर दोन्ही बरोबर आहेत, कारण जन्म २ ऑक्टोबर १८६९चा असल्याने ७८ वर्षे पूर्ण होऊन ७९वे सुरू होते.

शेवटची चूक कागदाची नाही आणि ती मला सर्वांत जास्त खटकते. हत्या करणारा मराठी ब्राह्मण असल्याचे समजताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले आणि अनेक घरे जाळली गेली. त्या दिवसांची कात्रणे, मग घर कोणत्याही बाजूचे असो, पुढची पिढी ‘कशाला तो विषय’ म्हणून काढून टाकते आणि शोकसंदेश व अस्थिविसर्जनाची छायाचित्रे तेवढी ठेवते. अशा निवडलेल्या फाइलमधून जे घडले ते कळत नाही. ज्याने ती कात्रणे कापली, त्याला तेव्हा काय महत्त्वाचे वाटले, हेही कळत नाही. म्हणून फाइलमधील क्रम बदलू नये, नकोसे कात्रण काढू नये आणि घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीसमोर स्कॅनच्या मोठ्या छापील प्रती ठेवून तिला आठवते ते, कात्रणावर नव्हे तर पाकिटावर, पेन्सिलीने लिहून घ्यावे.

आमच्या फाइलमध्ये ३१ जानेवारीनंतर एकदम १२ फेब्रुवारीच्या प्रयागच्या अस्थिविसर्जनाची बातमी येते. मधली कात्रणे हरवली असावीत, असे मी वर्षानुवर्षे समजत होतो. आत्याला विचारले तेव्हा ती म्हणाली की, त्या दिवसांत आम्ही गावातल्या घरी नव्हतोच, एका मराठा शेतकऱ्याच्या मळ्यातल्या गोठ्यात होतो आणि तिथे वर्तमानपत्र येत नव्हते. फाइलमध्ये त्या जागी मी आता एक कोरा आम्लरहित कागद ठेवला आहे आणि त्यावर आत्याचे शब्द तिने सांगितले तसेच लिहिले आहेत.