रेनबो सिक्स सीज: कोणती भिंत फोडावी, कोणती राखावी

‘रेनबो सिक्स सीज’ हा संघाने खेळायचा ऑनलाइन नेमबाजीचा व्हिडिओ गेम नव्याने खेळू लागलेले बहुतेक जण आधी नेम सुधारायला घेतात. नेम लागतोच, पण पाच विरुद्ध पाच अशा या खेळात फेरीचा निकाल बहुतेक वेळा पहिली गोळी सुटण्याआधीच, कोणती भिंत उघडली आणि कोणती बंद राहिली यावर ठरत आलेला असतो. युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने डिसेंबर २०१५ मध्ये आणलेल्या या खेळाचा मोठा भाग जून २०२५ पासून विनामूल्य खेळता येतो, त्यामुळे चार मित्र जमवून संघ उभा करणे आता सोपे झाले आहे. अशा नव्या संघासाठी पुढील मार्गदर्शन ‘बॉम्ब’ या प्रकाराला धरून केले आहे. त्यात बचाव करणाऱ्यांकडे दोन बॉम्ब असतात आणि हल्लेखोरांना त्यांपैकी एकाजवळ डिफ्यूजर, म्हणजे बॉम्ब निकामी करणारे यंत्र, बसवून तो राखावा लागतो.

पहिला सामना खेळण्याआधी एकट्याने कस्टम सामना, म्हणजे आपणच उघडलेला सरावाचा सामना, सुरू करावा, हातात शॉटगन घ्यावी आणि एकाच इमारतीत अर्धा तास निव्वळ तोडफोड करावी. कच्च्या भिंतीवर गोळी झाडली की वरचा गिलावा उडतो, फळ्या निखळतात, पण आतल्या उभ्या पट्ट्या तशाच राहतात, आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या फटीतून पलीकडच्या खोलीतले टेबल दिसू लागते. वीट आणि काँक्रीट मात्र काही केल्या फुटत नाही. जमिनीचेही तसेच आहे: लाकडी किंवा गालिचाची जमीन फुटते, तिच्या तुळया उरतात, म्हणजे भोकातून खाली पाहता येते, गोळी झाडता येते, परंतु उतरता येत नाही. उतरण्यासाठी हॅच, म्हणजे जमिनीतला चौकोनी झापा, फोडावा लागतो. कुठे काय फुटते ही माहिती वाचून लक्षात राहत नाही. ती स्वतः फोडून पाहिल्यावरच डोक्यात बसते.

बचावाच्या बाजूला तयारीसाठी ४५ सेकंद मिळतात आणि भिंती मजबूत करणारे पोलादी पत्रे साऱ्या संघात मिळून दहाच असतात. ते कुठे लावायचे हे फेरी सुरू होण्याआधी एकाने ठरवावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. दोन बॉम्बच्या खोल्यांमधली भिंत मजबूत करू नये, हा नियम सर्वांत आधी पाठ करावा. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी मोठ्या उत्साहाने नेमकी हीच भिंत पत्र्याने बंद केली होती. हल्ला झाला तेव्हा पलीकडचे दोन सहकारी एका दारामागे कोंडले गेले, आणि मला त्यांच्या मदतीला जायला वाट उरली नाही. तिथे शॉटगनने किंवा आदळताच फुटणाऱ्या इम्पॅक्ट ग्रेनेडने माणूस जाईल एवढे भोक पाडावे. खेळाडू त्याला ‘रोटेशन’ म्हणतात. त्यानंतर उरलेले पत्रे बाहेरच्या बाजूच्या भिंतींना आणि डोक्यावरच्या हॅचना लावावेत.

‘बँक’ या नकाशाच्या तळघराचे उदाहरण घेऊ. गॅरेजच्या बाजूने लॉकर्सच्या खोलीकडे उघडणारी भिंत हा तिथला कळीचा मुद्दा आहे. ती उघडली की हल्लेखोरांना दूर उभे राहून आतली हालचाल रोखता येते, म्हणून नुसता पत्रा लावून भागत नाही. कैड किंवा बँडिट या ऑपरेटरच्या (खेळाडू निवडतो त्या, स्वतःचे खास साधन असलेल्या पात्राच्या) साधनांनी त्या पत्र्यात वीज सोडावी, किंवा म्यूट या ऑपरेटरचा, जवळची इलेक्ट्रॉनिक साधने बंद पाडणारा जॅमर भिंतीच्या पायाशी ठेवावा, म्हणजे बाहेरून चिकटवलेला स्फोटक चालत नाही. बँडिट खेळणाऱ्याने बॅटरी आधीच लावून निघून जाण्यापेक्षा ती हाती घेऊन भिंतीलगत थांबावे, स्फोटक चिकटवल्याचा आवाज कान देऊन ऐकावा आणि त्याच क्षणी बॅटरी लावावी. स्फोटक फुटण्याआधी जळून जातो. हे जमायला सराव लागतो, पण एकदा जमले की समोरच्या संघाचा सारा बेत कोलमडतो.

हल्ला करताना हीच साखळी उलट्या क्रमाने सोडवायची असते. आधी ड्रोन, म्हणजे टेहळणीची छोटी चाकांची गाडी. प्रत्येकाकडे दोन असतात, आणि पहिला ड्रोन तयारीच्या काळातच गमावू नये; तो बॉम्बच्या खोलीजवळ एखाद्या कपाटाखाली लपवून ठेवावा. भिंतीमागे कोण आहे आणि कोणते साधन लावले आहे हे त्यातून कळल्यावर थॅचर या ऑपरेटरने ईएमपी (विद्युत साधने बंद पाडणारा) ग्रेनेड टाकून ते साधन काही काळ बंद पाडावे आणि तेवढ्या अवधीत पत्रा फोडणाऱ्या थर्माइट या ऑपरेटरने आपले काम उरकावे. दोघांनी एकमेकांना मोजून सांगावे, कारण ईएमपी लवकर पडला तर तो वाया जातो. थर्माइट माणूस जाईल एवढी वाट करतो, तर हिबाना लांबून हॅच उघडायला अधिक सोयीची. मुळची गुजरातमधील अमरेलीची दाखवलेली कली ही ऑपरेटरही इथे उपयोगी पडते, कारण तिचा भाला पत्र्यात शिरून दोन्ही बाजूंची साधने उडवतो.

भिंत उघडताना एका खेळाडूने वरच्या मजल्यावर असावे, असे मी आग्रहाने सांगेन. स्लेजचा हातोडा किंवा बकची शॉटगन जमीन फोडते, आणि बँडिट जिथे दबा धरून बसतो ती जागा डोक्यावरून उघडी पडली की त्याला तिथे थांबणे कठीण जाते. नवे संघ हे काम टाळतात, कारण त्यात मारलेल्यांची संख्या वाढत नाही. पण पत्रा उघडण्याचे अर्धे श्रेय वर उभ्या असलेल्या त्या माणसाचेच असते. मात्र त्या खोलीचे छत फुटणारे आहे की नाही, हे कस्टम सामन्यात आधीच तपासून ठेवावे.

बोलण्याची शिस्त यापेक्षा कमी महत्त्वाची नाही. “इथे आहे, डावीकडे आहे” याचा ऐकणाऱ्याला काही उपयोग नसतो. तुम्ही ज्या खोलीत आहात तिचे नाव पडद्यावर दिसते, तेच नाव घेऊन “लॉकर्समध्ये, भोकाच्या उजवीकडे, बसलेला” असे सांगावे. शिवाय ज्या भोकातून आपण पाहतो त्यातून समोरचाही पाहतो, म्हणून भोकाला चिकटून उभे राहू नये आणि एकाच भोकातून दोनदा डोकावू नये.

डिफ्यूजर बसवायला ७ सेकंद लागतात आणि त्यानंतर तो ४५ सेकंद राखावा लागतो. त्यामुळे तो कोपऱ्यात लपवण्याचा मोह आवरावा आणि मघाशी उघडलेल्या भिंतीतून बाहेरून थेट दिसेल अशा जागी बसवावा. बाकीच्यांनी तिथून बाहेर पडून गॅरेजच्या बाजूला, अंतर राखून उभे राहावे आणि तो काढायला वाकणाऱ्या खेळाडूची वाट पाहावी.