टर्बोचा मॅनिफोल्ड बदलताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फ्लँज (जोडासाठीची जाड चपटी प्लेट) कापून मिळतो, पाइप वाकवून मिळतो, आर्गन वेल्डिंग करणारेही मिळतात. त्यामुळे जुन्या मारुती एस्टीमला टर्बो (इंजिनाच्या धुराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) बसवायचं ठरवलं तेव्हा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर एकत्र करून टर्बोकडे नेणारा पाइपांचा जोड, हा आम्हाला सगळ्यात सोपा भाग वाटला होता. शेवटी सगळ्यात जास्त वेळ त्यानेच खाल्ला.

आधी एक गोष्ट तपासा: तुमच्या इंजिनाला वेगळा मॅनिफोल्ड आहे का? फोक्सवॅगन-स्कोडाच्या 1.0 टीएसआयमध्ये आणि 1.8 टीएसआयच्या तिसऱ्या पिढीत तो हेडमध्येच (सिलिंडरांवरच्या झाकणातच) ओतलेला असतो, टर्बो थेट हेडला लागतो. तिथे बदलायला काही नाही. हे माहीत नसताना ऑनलाइन ‘परफॉर्मन्स मॅनिफोल्ड’ मागवणारे लोक मी पाहिलेत.

मोठा पाइप म्हणजे जास्त ताकद, ही चूक

ही चूक आमचीही. टर्बो नसलेल्या गाडीत धूर मोकळा बाहेर जावा एवढंच बघायचं असतं. टर्बोत मात्र तोच गरम, वेगात येणारा गॅस टर्बाइन (टर्बोतलं पात्यांचं चक्र) फिरवतो. पाइप जाड घेतला की गॅसचा वेग पडतो, लांब घेतला की वाटेत उष्णता जाते, आणि टर्बो उशिरा उचलतो. आम्ही आधी पावणेदोन इंची पाइप वापरला होता. वरच्या आरपीएमला गाडी बरी पळायची, पण शहरात तिसऱ्या गियरमध्ये रिक्षासुद्धा पुढे निघून जायची. 1300 सीसीला तेवढा पाइप लागतच नाही, हे नंतर कळलं.

मूळ बिडाचा मॅनिफोल्ड ठेवून नुसतं पोर्टिंग (गॅसची आतली वाट घासून मोकळी करणं) करणार असाल, तर आतून आरसा करायच्या नादी लागू नका. हेडचं पोर्ट (धूर बाहेर येण्याचं भोक) आणि मॅनिफोल्डचं तोंड जुळतंय का, ते बघा. मॅनिफोल्डचं तोंड केसभर मोठं असलं तर चालतं. लहान असलं तर गॅस त्या कडेवर आपटतो. आणि टर्बो लावलेला असताना ग्राइंडर आत घालायचा नाही, कितीही घाई असली तरी. लोखंडाचा एक कण टर्बाइनच्या पात्याला पुरेसा आहे, कारण ते पातं मिनिटाला लाखभर फेऱ्या मारत असतं.

वेल्डिंग: खरा घोळ इथे

बाहेरून आमचं वेल्डिंग सुरेख होतं, एकावर एक नाणी रचल्यासारखं. दोन महिन्यांनी मॅनिफोल्ड काढून आत टॉर्च मारला, तर प्रत्येक जोडाच्या आतल्या बाजूला काळ्या लाह्या फुटल्यासारखं दिसत होतं. एक तुकडा निघून गेलेला. टर्बाइनच्या दोन पात्यांची टोकं उडालेली. स्टेनलेसला वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आर्गन सोडावा लागतो, नाहीतर आतला धातू हवेने जळतो. ज्यांच्याकडून काम करून घ्याल त्यांना हे आधी विचारा. ‘त्याची काय गरज नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरीकडे जा.

दुसरं, फ्लँज. वेल्डिंगच्या उष्णतेने तो केळ्यासारखा वाकतो. जुन्या हेडला किंवा जाड प्लेटला बोल्टने आवळूनच वेल्डिंग करा आणि नंतर सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. सपाट पट्टी ठेवल्यावर खालून 0.1 मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जात असेल, तर तो बसवू नका.

तिसरं, लांबण्याला जागा. 35 सेंमीचा स्टेनलेस 304 चा फ्लँज 300 अंशांनी तापला की जवळपास 1.8 मिमी लांबतो. खालचं ॲल्युमिनियमचं हेड पाण्यामुळे थंड राहतं, ते जेमतेम अर्धा मिमी वाढतं. मधला फरक कुठेतरी निघणारच: स्टड (हेडमध्ये बसवलेला आट्यांचा दांडा) तुटतो किंवा वेल्ड चिरतो. म्हणून कडेची भोकं लांबट ठेवतात आणि दोन पोर्टमधला फ्लँज कापून मोकळा करतात. पाच-सहा किलोचा टर्बो नुसत्या पाइपांवर लटकवू नका, इंजिनाच्या ब्लॉकपासून आधार द्या. दीड मिमी जाडीचा सायलेन्सरचा पाइप इथे टिकत नाही. दोन-पावणेतीन मिमी जाडीचा घ्या.

लक्षणं ओळखा

थंड गाडी सुरू केल्यावर टिक-टिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर जातो? गॅस्केटमधून (हेड आणि मॅनिफोल्डमधल्या पातळ पत्र्यातून) गळती आहे. तिथे काजळीचा काळा पट्टा दिसेल. दिसला नाही तर थंड इंजिनावर सायलेन्सरमध्ये मागून ब्लोअरची हवा सोडा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे येतील. सिलिकॉन फासून हे बंद होत नाही, जळून जातं.

बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) हवा तेवढा लागतो, पण आरपीएम वाढला की काटा वर सरकतच राहतो? बूस्ट कंट्रोलर बाजूला करा, प्रेशरची नळी थेट वेस्टगेटला (जास्तीचा गॅस टर्बाइनला टाळून सोडणाऱ्या झडपेला) जोडा. स्प्रिंग 0.5 बारची असताना काटा 0.9 वर जात असेल, तर गेट पूर्ण उघडूनही गॅसला तिकडे जायला वाट नाही. बहुतेक वेळा वेस्टगेटचा पाइप काटकोनात काढलेला असतो. चारी पाइप एकत्र येतात त्यानंतर, गॅसच्या दिशेने तिरका काढला की प्रश्न सुटतो. घाईत बूस्ट वाढू देऊन पिस्टन फोडणारे कमी नाहीत.

निळसर धूर दिसला की लोक आधी टर्बोला दोष देतात. नवीन मॅनिफोल्डमुळे टर्बो खाली किंवा तिरका बसला असेल, तर त्याची ऑइल परत नेणारी नळी आडवी झाली आहे का ते बघा. ते ऑइल नुसत्या उताराने संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) जातं. नळीला पोट पडलं की ते टर्बोत साठतं आणि सीलमधून गळतं. आमच्या गाडीत हेच होतं. आम्ही उगाच टर्बो उघडला.

बिडाच्या मॅनिफोल्डला उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळायची असेल, तर आमच्याकडच्या पावसाळ्याचा विचार करा. ओली पट्टी धातू कुजवते. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येतात, विम्याचा दावाही अडू शकतो. आमची गाडी म्हणूनच आता फक्त ट्रॅकवर जाते, ट्रेलरवर चढवून.

पहिल्या दोन-तीन वेळा तापवून पूर्ण थंड झाल्यावर सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. आमच्या एस्टीमची टिक-टिक चार गॅस्केट बदलूनही जात नव्हती. शेवटी चौथ्या पोर्टच्या खालच्या स्टडचा नट अर्धा फेरा सैल निघाला. तिथे पाना जात नाही म्हणून प्रत्येकाने तो दुसऱ्यावर सोडला होता.