प्लास्टिकच्या बाटल्यांचा कचरा कमी करायला मुलांना कसे शिकवावे

शाळेत प्लास्टिकच्या कचऱ्याचा विषय निघाला की रिकाम्या बाटल्यांपासून कुंड्या किंवा पेन ठेवायचे डबे बनवण्याचा उपक्रम हमखास घेतला जातो. मुले त्यात रमतात हे खरे. परंतु एका वर्गाला असे डबे लागून लागून किती लागणार, आणि दुसऱ्या दिवशी नवी बाटली विकत आणली जाण्याचे त्यामुळे थांबते का? म्हणून रिकाम्या बाटलीचे काय करावे यापेक्षा ती शाळेत येतेच का, या प्रश्नापासून सुरुवात करावी.

पहिला आठवडा केवळ मोजणीसाठी ठेवावा. सलग पाच दिवस शाळा सुटताना मुलांनी हातमोजे घालून कचरापेटीजवळच्या रिकाम्या बाटल्या वेगळ्या काढाव्यात आणि वहीत पाण्याच्या किती व शीतपेयांच्या किती, अशी नोंद करावी. त्याच दिवसांत ज्यांनी बाटली विकत घेतली त्यांना कारणही विचारावे, मात्र ते विचारताना दटावणीचा सूर अजिबात नसावा, कारण ओरडा बसेल असे वाटले की मुले खरे कारण सांगत नाहीत आणि सगळी नोंद निरुपयोगी ठरते. घरून बाटली आणायला विसरलो, नळाच्या पाण्याला वास येतो, मधल्या सुटीत रांग संपत नाही, थंड पाणी हवे होते, ही कारणे वरवर सारखी वाटली तरी प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. गणिताच्या तासाला याच आकड्यांचा उपयोग होतो: शाळेत रोज 30 बाटल्या टाकल्या जात असतील, तर 200 दिवसांत त्या 6,000 होतात, हे मुलांनी स्वतः मांडलेले गणित कोणत्याही भाषणापेक्षा अधिक लक्षात राहते.

नोंदीत पाण्याबद्दल तक्रार आढळली, तर ती दूर करण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे. पिण्याच्या पाण्याची टाकी वेळच्या वेळी धुतली जाते का, पाण्याची तपासणी होते का, गाळणयंत्रातील गाळणी कधी बदलली, नळांची संख्या मुलांच्या मानाने पुरेशी आहे का, हे पाहिल्याशिवाय मुलांना घरून बाटली आणण्याचा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते. टाकी धुतल्याची आणि तपासणीची तारीख नळाजवळच्या फलकावर लिहावी व तो फलक अद्ययावत ठेवण्याचे काम मुलांकडे सोपवावे. पाण्यावर विश्वास बसला की विकतच्या पाण्याची गरज बरीचशी आपोआप कमी होते.

पुन्हा भरता येणारी बाटली नवीच असावी असा आग्रह धरू नये, कारण घरात असलेली जुनी स्टीलची बाटलीही तितकीच उपयोगी आहे आणि नवी घेणे प्रत्येक कुटुंबाला परवडेलच असे नाही. बाटलीवर नाव घालावे, विसरणाऱ्यांसाठी वर्गात धुतलेले पेले ठेवावेत, आणि बाटली धुण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी: रोज साबण व लांब दांड्याच्या ब्रशने आतून घासणे, झाकणातील रबरी कडी काढून तिच्याखालचा भाग स्वच्छ करणे, मग बाटली उपडी ठेवून पूर्ण वाळू देणे. बाटलीला कुबट वास येऊ लागला की मुले ती आणणेच सोडून देतात, त्यामुळे ही बाब क्षुल्लक समजू नये.

पुनर्प्रक्रियेबद्दल सांगण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. शिक्षकांनी बाटलीचा आणि झाकणाचा एकेक लहान तुकडा कापून द्यावा व मुलांनी ते पाण्यात दाबून, त्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे काढून सोडावेत. बाटली ‘पेट’ नावाच्या प्लास्टिकची असते आणि त्याची घनता पाण्याच्या सुमारे 1.38 पट असल्याने तिचा तुकडा बुडतो. झाकण बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनचे असते, ते पाण्याहून हलके असल्याने तरंगते. कारखान्यात बाटल्यांचा चुरा करून धुतल्यावर ही दोन प्लास्टिके याच तत्त्वाने वेगळी करतात. बाटलीत पेय किंवा अन्न राहिले तर हे काम बिघडते, म्हणून बाटली रिकामी करून विसळूनच टाकावी, हे मुलांना इथे नेमके कळते. त्याच वेळी हेही सांगावे की 2015 पर्यंत जगात निर्माण झालेल्या प्लास्टिकच्या कचऱ्यापैकी सुमारे 9 टक्क्यांवरच पुनर्प्रक्रिया झाली, असा अंदाज 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. तेव्हा वेगळी पेटी ठेवली म्हणजे प्रश्न सुटला, असा समज होऊ देऊ नये.

सर्वाधिक बाटल्या जमवणाऱ्या वर्गाला बक्षीस देण्याची स्पर्धा मात्र टाळावी, कारण बक्षिसासाठी मुले घरून आणि दुकानातूनही बाटल्या आणू लागतात. बक्षीस द्यायचेच असेल तर पहिल्या मोजणीच्या तुलनेत ज्या वर्गाच्या बाटल्या सर्वांत जास्त घटल्या त्याला द्यावे.

दोन महिन्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा पाच दिवस मोजणी करावी. उन्हाळा किंवा क्रीडास्पर्धा यांमुळे आकडा वाढला असेल, तर ते कारण नोंदवून अशा दिवसांसाठी मैदानावर पाण्याचे पिंप आणि पेले ठेवण्याची व्यवस्था करावी, आणि वर्ष संपताना ती वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी.